वाक्प्रचाराचे मूळ आणि इतिहासाचा पुरावा : इंग्रजीतील काही परिचित वाक्प्रचारांचा अभ्यास

प्रास्ताविक

महाविद्यालयीन आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमांत इंग्रजी वाक्प्रचारांना हमखास स्थान असते. मार्गदर्शक पुस्तकांत डाव्या रकान्यात वाक्प्रचार, उजव्या रकान्यात अर्थ अशी मांडणी केलेली आढळते आणि विद्यार्थी ती पाठ करतात. अलीकडे या दोन रकान्यांच्या जोडीला तिसरी गोष्ट आली आहे, ती म्हणजे त्या वाक्प्रचाराच्या जन्माची कथा. कथा रंजक असते, लक्षात राहते आणि वर्गात सांगण्यास सोयीची असते. मात्र ती खरी आहे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अर्थ चुकीचा सांगितला तर परीक्षेत गुण जातात. मूळ चुकीचे सांगितले तर कोणाचेच काही बिघडत नाही, असा समज यामागे असावा. हा समज तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वाक्प्रचाराच्या मूळकथेत एखाद्या समाजाविषयी, कायद्याविषयी अथवा काळाविषयी विधान दडलेले असते. ते विधान म्हणजे इतिहासाचे विधान होय आणि त्याला इतिहासाचेच पुराव्याचे नियम लागू व्हावयास हवेत.

मराठी वाचकाला हा प्रश्न अपरिचित नाही. 'पानिपत होणे' या वाक्प्रचाराचे मूळ १७६१ च्या युद्धात आहे याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. 'ध चा मा करणे' याची स्थिती मात्र वेगळी आहे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला ही सिद्ध घटना आहे. एका अक्षराच्या फेरफाराची कथा मात्र त्याच दर्जाच्या पुराव्यावर उभी नाही. दोन्ही वाक्प्रचार सारख्याच सहजतेने वापरले जातात, पण इतिहासकाराला दोहोंचे वजन सारखे मानता येत नाही. इंग्रजी वाक्प्रचारांच्या बाबतीतही नेमके हेच घडले आहे.

व्युत्पत्तीच्या दोन परंपरा

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाक्प्रचारांकडे पाहण्याच्या दोन दृष्टी शेजारी शेजारी वाढल्या. पहिलीचे प्रतिनिधित्व एबेनेझर कोबॅम ब्रूअर यांचा १८७० मध्ये प्रसिद्ध झालेला 'डिक्शनरी ऑफ फ्रेज अँड फेबल' हा ग्रंथ करतो. ब्रूअर हे प्रचंड वाचन असलेले संग्राहक होते. शब्द, दंतकथा, पुराणे, म्हणी असे जे जे हाती लागले ते त्यांनी टिपून ठेवले. ग्रंथ अतिशय लोकप्रिय झाला आणि त्याच्या नव्या आवृत्त्या एकविसाव्या शतकातही निघत राहिल्या. परंतु एखादी व्युत्पत्ती मनोरम असली की तिचा आधार शोधण्याचे बंधन ब्रूअर स्वतःवर घालून घेत नसत.

दुसरी दृष्टी लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७-५८ च्या सुमारास आकाराला आली आणि पुढे जेम्स मरे यांच्या संपादकत्वाखाली ऑक्सफर्ड कोशाच्या रूपाने फळाला आली. या कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये आणि शेवटचा १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे तत्त्व साधे पण कठोर होते : शब्दाचा किंवा वाक्प्रचाराचा प्रत्येक अर्थ दिनांकित लिखित अवतरणांनी सिद्ध करावयाचा आणि त्यांतील सर्वांत जुने अवतरण आधी द्यावयाचे. हजारो स्वयंसेवी वाचकांनी पुस्तके वाचून लहान चिठ्ठ्यांवर अवतरणे उतरवून पाठविली. या पद्धतीमुळे एक निर्णायक कसोटी हाती आली. सांगितली जाणारी कथा ज्या काळातील आहे त्याआधीच वाक्प्रचार लिखित स्वरूपात आढळत असेल, तर कथा बाद होते. कथा आणि पहिला लिखित आढळ यांत शतकांचे अंतर असेल, तर कथा संशयास्पद ठरते. अर्थात या कसोटीलाही मर्यादा आहेत. बोलीतील प्रयोग कागदावर येण्यास कित्येक वर्षे लागतात, आणि सैनिक, खलाशी, मजूर यांची भाषा तर फार उशिरा छापली गेली. तरीही कसोटी नसण्यापेक्षा मर्यादित कसोटी केव्हाही बरी.

ब्रूअरची परंपरा संगणकाच्या युगात संपली नाही. उलट तिला नवे बळ मिळाले. 'सोळाव्या शतकातील जीवन' अशा आशयाचा एक ई-मेल १९९९ पासून जगभर फिरू लागला. त्यात अनेक इंग्रजी वाक्प्रचारांची मुळे ट्यूडरकालीन दारिद्र्यात असल्याचे सांगितले होते. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' म्हणजे मुसळधार पाऊस पडणे. का, तर म्हणे त्या काळी कुत्री-मांजरे गवती छपरावर झोपत आणि पावसात छप्पर निसरडे झाले की खाली घसरून पडत! गवताने शाकारलेल्या उतरत्या छपरावर कुत्रा चढणार कसा, हा प्रश्न कोकणातील किंवा मावळातील कोणीही शेतकरी विचारील. लिखित पुरावा काय सांगतो? १६५१ मध्ये हेन्री व्हॉन या कवीच्या संग्रहात कुत्री-मांजरे पावसासारखी कोसळल्याचा उल्लेख येतो. १६५३ मध्ये छापलेल्या रिचर्ड ब्रोमच्या नाटकात मांजराच्या जागी दुसराच एक प्राणी आहे. आजचे रूप जोनाथन स्विफ्ट यांनी १७३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संवादात्मक उपहासग्रंथात आढळते. हा ग्रंथ म्हणजे उच्चभ्रू समाजातील गुळगुळीत झालेल्या बोलण्याची टवाळी होय; म्हणजेच १७३८ पर्यंत हा प्रयोग शिळा झालेला होता. मूळ काय असावे याविषयी अनेक तर्क केले गेले, पण त्यांपैकी एकही सिद्ध झालेला नाही. 'मूळ अज्ञात' हे उत्तर वर्गात सांगावयास नीरस वाटते, पण आज प्रामाणिक उत्तर तेच आहे.

त्याच ई-मेलमध्ये 'थ्रोइंग द बेबी आउट विथ द बाथवॉटर', म्हणजे अनावश्यक ते टाकताना मोलाचेही टाकून देणे, या वाक्प्रचाराचे मूळ एकाच पिंपातील पाण्यात सर्व कुटुंबाने क्रमाने स्नान करण्यात शोधले आहे : शेवटी पाणी इतके गढूळ होई की त्यात मूल दिसत नसे. प्रत्यक्षात हा प्रयोग मूळचा इंग्रजी नाहीच. थॉमस मुर्नर या जर्मन लेखकाच्या १५१२ च्या उपहासग्रंथात तो चित्रासह येतो. इंग्रजीत तो थॉमस कार्लाइल यांनी १८४९ मध्ये आणला, आणि ज्या निबंधात आणला तो वेस्ट इंडीजमधील मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय मजुरांविषयीचा होता. गुलामगिरीतील दुष्प्रथा टाकाव्यात, पण मालक आणि सेवक यांचे कायमचे नाते टाकू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. या उपमेतील 'मूल' म्हणजे काय होते हे एकदा कळले की वाक्प्रचार तितका निरागस राहत नाही. बनावट कथेने लपविले ते हेच. एका खऱ्या आणि अस्वस्थ करणाऱ्या वादाच्या जागी तिने पिंपातील गढूळ पाणी आणून ठेवले.

बायबलच्या अनुवादकांचे ऋण

इंग्रजी वाक्प्रचारांचा सर्वांत मोठा आणि सर्वांत चांगला नोंदला गेलेला स्रोत म्हणजे बायबलचे अनुवाद. सामान्यतः याचे श्रेय १६११ च्या किंग जेम्स आवृत्तीला दिले जाते. भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'बिगॅट' या ग्रंथात हे श्रेय मोजून पाहिले. या आवृत्तीतून आधुनिक इंग्रजीत रुळलेले २५७ प्रयोग त्यांना आढळले. परंतु त्यांपैकी केवळ १८ प्रयोग असे होते की जे त्या स्वरूपात आधीच्या इंग्रजी अनुवादांत नाहीत. उरलेले पूर्वसूरींचे होते. त्या पूर्वसूरींत अग्रभागी होते विल्यम टिंडेल.

टिंडेल यांनी मूळ ग्रीकवरून केलेला नवा करार १५२६ मध्ये आणि हिब्रूवरून केलेली जुन्या करारातील पहिली पाच पुस्तके १५३० मध्ये छापली गेली. धर्मसत्तेच्या संमतीशिवाय लोकभाषेत धर्मग्रंथ आणणे हा तेव्हा इंग्लंडमध्ये गुन्हा होता. त्यामुळे हे काम परदेशात राहून करावे लागले आणि पुस्तके मालाच्या गठ्ठ्यांत लपवून इंग्लंडात नेली गेली. १५३६ मध्ये ब्रुसेल्सजवळ विल्व्होर्ड येथे टिंडेल यांना गळा आवळून ठार करण्यात आले आणि देह जाळण्यात आला. अवघ्या तीन वर्षांनी, १५३९ मध्ये, राजाज्ञेने जे बायबल इंग्लंडच्या चर्चमध्ये ठेवले गेले त्यातही त्यांचेच शब्द मोठ्या प्रमाणावर होते. १६११ च्या नव्या करारातील सुमारे ८४ टक्के मजकूर टिंडेल यांचा आहे, असा निष्कर्ष १९९८ मधील एका नमुनाधारित अभ्यासात निघाला. 'सॉल्ट ऑफ द अर्थ', म्हणजे सच्ची, भरवशाची माणसे. 'द पॉवर्स दॅट बी', म्हणजे सत्तास्थानी असलेले लोक. 'माय ब्रदर्स कीपर', म्हणजे दुसऱ्याच्या वर्तनाची जबाबदारी अंगावर असलेला. हे सर्व प्रयोग इंग्रजीत रुजविण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते.

यांतील एका शब्दाचा प्रवास विशेष लक्षणीय आहे. लेवीय पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवशीचा विधी वर्णिला आहे. दोन बकरे आणावयाचे आणि चिठ्ठ्या टाकावयाच्या. एक बकरा परमेश्वराच्या वाट्याचा; त्याचा बळी द्यावयाचा. दुसरा 'अझाझेल'च्या वाट्याचा. त्याच्या मस्तकावर पुरोहिताने हात ठेवून लोकांची सर्व पातके कबूल करावयाची आणि त्याला जिवंत रानात सोडून द्यावयाचे. 'अझाझेल' हे नाव आहे की स्थळ, याविषयी विद्वानांत एकमत नाही. टिंडेल यांनी लॅटिन अनुवादाच्या वळणावर जाऊन त्याचा अर्थ 'निघून जाणारा बकरा' असा घेतला आणि 'स्केपगोट' हा नवा शब्द घडविला. म्हणजे एका संशयास्पद अनुवादातून इंग्रजीला एक अपरिहार्य शब्द मिळाला. दुसऱ्याच्या अपराधाचे खापर ज्याच्या माथी फुटते तो, हा आजचा लाक्षणिक अर्थ एकोणिसाव्या शतकात स्थिरावला.

मराठीत या शब्दाला 'बळीचा बकरा' हा पर्याय रूढ झाला आहे. अर्थाच्या दृष्टीने तो चालतो, पण मूळ विधी समोर ठेवला तर एक गंमत ध्यानात येते. बळी जाणारा बकरा पहिला. 'स्केपगोट' तो नव्हेच. मराठी पर्यायाने नकळत दुसऱ्याच बकऱ्याची निवड केली आहे. ज्या समाजात नवसाचा बकरा कापला जातो तेथे पातके लादून सोडून दिलेल्या बकऱ्यापेक्षा कापल्या जाणाऱ्या बकऱ्याची प्रतिमा अधिक जवळची वाटावी, हे स्वाभाविकच आहे. तरीही फरक उरतोच. एकाला मृत्यू मिळतो, दुसऱ्याला हद्दपारी. आधुनिक काळात ज्यांच्यावर खापर फोडले जाते त्या कर्मचाऱ्यांची गत बहुधा दुसऱ्या बकऱ्यासारखी असते.

'बाय द स्किन ऑफ माय टीथ', म्हणजे थोडक्यात बचावणे, हा प्रयोग १५६० च्या जिनिव्हा बायबलमधून आला. ईयोबाच्या पुस्तकातील हिब्रू शब्दांचे ते शब्दशः भाषांतर आहे. दातांना त्वचा नसते हे अनुवादकांना ठाऊक होतेच. मूळ दुर्बोध असताना त्यांनी ते तसेच ठेवले आणि इंग्रजी भाषेने तो दुर्बोधपणा आनंदाने स्वीकारला. 'शब्दशः भाषांतर करू नये' हा वर्गातील नियम इतिहासाने असा अनेकदा मोडला आहे.

समुद्राचे खरे आणि खोटे देणे

दीर्घकाळ समुद्रावर जगलेल्या राष्ट्राच्या भाषेत खलाशांचे शब्द असणे साहजिक आहे. 'बाय अँड लार्ज' म्हणजे 'एकंदरीत पाहता'. वाऱ्याच्या शक्य तितके समोर जहाज हाकणे ते 'बाय', आणि वारा मागून किंवा बाजूने अनुकूल असताना हाकणे ते 'लार्ज'. दोन्ही स्थितींत नीट चालणारे जहाज सर्वसाधारणपणे चांगले. 'थ्री शीट्स इन द विंड' म्हणजे मद्यधुंद. येथे 'शीट' म्हणजे शीड नव्हे, तर शिडाचे खालचे टोक ताणून धरणारी दोरी. अशा दोऱ्या सुटल्या की शिडे फडफडतात आणि जहाज झोकांड्या खाऊ लागते. 'द बिटर एंड' म्हणजे अगदी अखेरपर्यंत. जॉन स्मिथ यांच्या १६२७ च्या नौकानयनविषयक पुस्तकात नांगराच्या दोराचे जे टोक जहाजावरील खुंट्यांशी राहते त्याला हे नाव दिलेले आढळते. तेथवर दोर सुटला म्हणजे आणखी सोडावयास काही उरले नाही. तथापि बायबलच्या नीतिसूत्रांतही कडू शेवटाचा उल्लेख आहे. दोन्ही प्रवाह मिसळले असण्याचा संभव नाकारता येत नाही.

मात्र या खऱ्या उदाहरणांमुळे प्रत्येक वाक्प्रचाराला समुद्रात नेऊन बुडविण्याची सवय लागली. ती इतकी बळावली की कोशकारांच्या वर्तुळात 'प्रत्येक गोष्टीला नौकीय मूळ चिकटविणारी समिती' असा विनोद प्रचलित झाला. 'बिट्वीन द डेव्हिल अँड द डीप ब्लू सी' हे त्याचे ठळक उदाहरण. अर्थ आपल्या 'इकडे आड तिकडे विहीर' सारखा. जहाजाच्या फळ्यांमधील एका सांध्याला 'डेव्हिल' म्हणत आणि तो बुजविणारा खलाशी त्या सांध्याच्या व समुद्राच्या मध्ये लोंबकळे, अशी कथा सांगितली जाते. परंतु हा प्रयोग १६३७ मध्ये रॉबर्ट मन्रो या स्कॉटिश सेनाधिकाऱ्याच्या आठवणींत आढळतो. हा अधिकारी तीस वर्षांच्या युद्धात भूमीवर लढत होता. एकीकडे शत्रूच्या तोफा आणि दुसरीकडे स्वपक्षाच्याच तोफांचे चुकीचे नेम, अशा कात्रीत त्याची पलटण सापडली होती. सांध्याला 'डेव्हिल' म्हटल्याचे लिखित दाखले यानंतर फार उशिरा मिळतात. तेव्हा येथील सैतान तो खराखुरा सैतानच मानणे योग्य.

अंगठ्याचा नियम आणि पत्नीवरील काठी

खोट्या मूळकथेचे परिणाम किती दूर जातात हे 'रूल ऑफ थम्ब' या वाक्प्रचारावरून दिसते. अर्थ साधा आहे : शास्त्रशुद्ध मोजमापाऐवजी अनुभवावर आधारलेला ढोबळ नियम. गेल्या काही दशकांत याची एक मूळकथा सर्वत्र सांगितली जाते. इंग्लंडच्या जुन्या कायद्यानुसार पतीला आपल्या अंगठ्यापेक्षा जाड नसलेल्या काठीने पत्नीला मारण्याचा अधिकार होता आणि त्या नियमावरून हा प्रयोग आला, अशी ती कथा. स्त्री-अभ्यासाच्या लेखनात आणि व्याख्यानांत तिचा आधार वारंवार घेतला गेला आहे.

पुरावा तपासला तर दोन स्वतंत्र धागे दिसतात. पहिला वाक्प्रचाराचा. १६८५ मध्ये छापलेल्या जेम्स डरम या स्कॉटिश धर्मोपदेशकाच्या प्रवचनांत अंदाजाने बांधकाम करणाऱ्या गवंड्यांच्या संदर्भात तो येतो. १६९२ मध्ये विल्यम होप यांच्या तलवारबाजीवरील पुस्तकात, शास्त्र न शिकता केवळ सरावाने लढणाऱ्याविषयी तो योजला आहे. दोन्ही ठिकाणी कारागिराचा अंगठा आहे, पतीची काठी नाही. आपल्याकडील वीत, मूठ, बोट ही मापे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना अंगठ्याने मापणे नवलाचे वाटणार नाही.

दुसरा धागा काठीचा. १७८२ मध्ये न्यायमूर्ती फ्रान्सिस बुलर यांनी अंगठ्याएवढ्या काठीने पत्नीला मारणे कायदेशीर असल्याचे म्हटले, असा बोभाटा झाला. व्यंगचित्रकार जेम्स गिलरे यांनी त्याच वर्षी 'जज थम्ब' हे जळजळीत चित्र काढले. असा निर्णय किंवा असे अधिकृत वक्तव्य मात्र आजवर कोणत्याही न्यायालयीन नोंदीत सापडलेले नाही. ब्लॅकस्टोन यांच्या १७६५ च्या विवेचनात जुन्या कायद्याने पतीला 'माफक शिक्षे'चा अधिकार दिल्याचे आणि तो अधिकार पुढे शंकास्पद ठरल्याचे नमूद आहे. अंगठा तेथेही नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात मात्र अंगठा न्यायालयात आला. १८६८ च्या 'स्टेट विरुद्ध ऱ्होड्स' खटल्यात खालच्या न्यायालयाने अंगठ्यापेक्षा जाड नसलेल्या छडीचा निकष लावून पतीला सोडून दिले. वरिष्ठ न्यायालयाने तो निकष अमान्य केला, पण सुटका कायम ठेवली; कारण, गंभीर इजा नसेल तर घरगुती बाबींत पडू नये. १८७४ मध्ये 'स्टेट विरुद्ध ऑलिव्हर' खटल्यात त्याच राज्याच्या न्यायालयाने हा जुना सिद्धांत कायदा नव्हे असे स्पष्ट केले.

हे दोन धागे विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात एकत्र विणले गेले. डेल मार्टिन यांच्या १९७६ च्या पुस्तकात हा वाक्प्रचार या संदर्भात श्लेषाने आला आणि १९८२ मध्ये अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने मारहाणग्रस्त स्त्रियांविषयीच्या अहवालाच्या शीर्षकातच तो योजला. त्यानंतर श्लेष विसरला गेला आणि व्युत्पत्ती म्हणून तो स्थिरावला. १९९४ मध्ये हेन्री ॲन्सगर केली यांनी विधिशिक्षणविषयक नियतकालिकात याची साधार उलटतपासणी केली.

येथे इतिहासाच्या अध्यापकाने दोन्ही बाजूंनी सावध राहणे आवश्यक आहे. मूळकथा खोटी ठरताच काही टीकाकारांनी असा सूर लावला की पत्नीला मारण्यास कायद्याचा आधार होता हेच मुळी खोटे आहे. हा निष्कर्ष पुराव्यात बसत नाही. ऱ्होड्स खटल्यातील स्त्रीला न्याय मिळाला नाही ही नोंद खरी आहे. किंबहुना अंगठ्याचा निकष नाकारूनही न्यायालयाने पतीला मोकळे सोडले, ही बाब त्या दंतकथेपेक्षा अधिक गंभीर आहे. एका चुकीच्या व्युत्पत्तीवर विसंबल्यामुळे एका खऱ्या अन्यायाची बाजू लंगडी पडली, हे या प्रकरणातील खरे नुकसान होय.

असाच, पण आपल्या इतिहासाला स्पर्श करणारा घोटाळा 'बाइट द बुलेट' याबाबत आढळतो. अर्थ : अटळ कष्ट धैर्याने सोसणे. १८५७ च्या एनफिल्ड बंदुकीच्या काडतुसांशी हा प्रयोग जोडण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु काडतुसाचे कागदी टोक दातांनी तोडावे लागे, गोळी चावावी लागत नसे. आणि तो प्रसंग धैर्याचा नव्हे, धर्मभ्रष्टतेच्या भीतीचा होता. फ्रान्सिस ग्रोज यांच्या बाजारू भाषेच्या कोशाच्या १७९६ च्या आवृत्तीत फटक्यांची शिक्षा भोगताना ओरडू नये म्हणून सैनिक गोळी चघळत असल्याची नोंद आहे. साठ वर्षे आधीचा हा दाखला असताना काडतुसांची कथा टिकत नाही.

लाल फीत आणि बासन

सर्व मूळकथा खोट्याच असतात असे मात्र नाही. 'रेड टेप' म्हणजे कार्यालयीन औपचारिकतेमुळे होणारी दिरंगाई. सतराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये कायदेशीर व शासकीय कागद तांबूस फितीने बांधले जात. आधी वस्तू, मग तिच्यावरून टीका, असा येथील क्रम सरळ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या टीकेला धार आली. कार्लाइल यांनी १८५० मधील पत्रकांत आणि डिकन्स यांनी कादंबऱ्यांत ती चालविली. क्रिमियन युद्धात (१८५३-५६) रसद व औषधे असूनही सैनिकांपर्यंत न पोहोचल्यामुळे हा शब्द घरोघरी पोहोचला. शासकीय नोकरभरतीच्या सुधारणेचा नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवाल १८५४ चाच.

मराठीत हा प्रयोग 'लालफीत', 'लालफितीचा कारभार' अशा रूपांत आला. 'हिमनगाचे टोक' हा प्रयोग ज्यांनी हिमनग कधी पाहिला नाही अशा लोकांच्या भाषेत भाषांतराने आला; लाल फीत मात्र भाषांतरासोबत वस्तूच्या रूपानेही कचेरीत आली. तिच्याआधी येथील दप्तर कापडात बांधले जाई. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद 'रुमालां'त बांधलेले आहेत, गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकात प्रसिद्ध केलेले निवडक कागदांचे ४५ खंड याच रुमालांतून निघाले. या व्यवस्थेने मराठीला स्वतःचा वाक्प्रचार दिला आहे : 'बासनात गुंडाळणे', म्हणजे एखादा विषय कायमचा बाजूस सारणे. दोहोंतील अर्थच्छटा वेगळी आहे. लालफितीत प्रकरण अडकते, पण सुटण्याची आशा असते. बासनात गेलेले प्रकरण संपलेले असते. असे असूनही शालेय कोशांत दोन्ही एकमेकांचे पर्याय म्हणून दिलेले दिसले तर नवल नाही.

देवळालीचा 'ताप'

इंग्रजी वाक्प्रचारांच्या इतिहासात महाराष्ट्राचा प्रत्यक्ष वाटा आहे तो नाशिकजवळच्या देवळालीमुळे. ब्रिटनमध्ये आजही वेडसर वागणाऱ्या माणसाविषयी 'गॉन डूलॅली' असे म्हणतात. वापरणाऱ्या बहुतेकांना हे एका गावाचे नाव आहे याची कल्पना नसते. प्रयोगाचे पूर्ण रूप 'डूलॅली टॅप' असे होते. फ्रेझर आणि गिबन्स यांच्या १९२५ च्या सैनिकी शब्दकोशात ते नोंदलेले आहे.

देवळाली येथे एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात लष्करी छावणी वसली. मुंबई बंदरात उतरलेले गोरे सैनिक घाट चढून येथे येत आणि पुढे हिंदुस्थानभरच्या छावण्यांत जात. मुदत संपलेले सैनिक परतीच्या जहाजासाठी येथेच येऊन थांबत. १८६६-६७ मध्ये बांधलेल्या पाच सैन्यवाहू जहाजांची वाहतूक मुख्यतः थंडीच्या मोसमात चाले. मोसम संपल्यावर ज्याची मुदत भरली त्याला पुढील मोसमापर्यंत वाट पाहणे भाग होते. कवायत नाही, मोहीम नाही, शस्त्रे जमा केलेली, घरी जाण्याचा दिवस निश्चित नाही. या रिकामपणाचे परिणाम फ्रँक रिचर्ड्स या साध्या शिपायाने १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिंदुस्थानातील आठवणींत वर्णिले आहेत : दारू, भांडणे, तुरुंग आणि विक्षिप्त वर्तन. या वाक्प्रचाराचे मूळ छावणीतील कंटाळ्यात असावे असे रिचर्ड्स सांगतात. पण 'असावे' असेच सांगतात, ठामपणे नव्हे. देवळालीत मनोरुग्णांचे रुग्णालय असल्यामुळे हा प्रयोग आला, अशी दुसरी कथा नंतर अधिक लोकप्रिय झाली. त्याच छावणीच्या रहाटीतून गेलेला शिपाई मात्र रुग्णालयाकडे नव्हे, प्रतीक्षेकडे बोट दाखवितो, आणि त्याची साक्ष अधिक मोलाची मानावयास हवी.

याच सैनिकांनी 'खुशी'पासून 'कुशी' म्हणजे सुखाची, बिनकष्टाची नोकरी आणि 'विलायती'पासून 'ब्लायटी' म्हणजे मायदेश हे शब्द इंग्रजीत नेले. पहिल्या महायुद्धात मायदेशी परत पाठविले जाईल एवढी, पण जीव न जाणारी जखम म्हणजे 'ब्लायटी' असाही अर्थ त्याला चिकटला. बीबीसीने १९७४ ते १९८१ या काळात दाखविलेल्या एका विनोदी मालिकेचा आरंभ देवळालीच्या छावणीत होतो. तिच्यामुळे हे नाव ब्रिटिश घरांत पुन्हा एकदा पोहोचले. 'टॅप' हा भाग मात्र तोपर्यंत बोलण्यातून जवळजवळ गळून गेला होता. इंग्रज वाचकाला त्याचा अर्थ कोशात शोधावा लागतो. तो शब्द म्हणजे 'ताप', आणि नाशिक जिल्ह्यातील कोणत्याही घरात तो आजही त्याच अर्थाने वापरला जातो.